नवमीचं पान

हिरव्या बांगड्या पानाशेजारी ठेवताना माझा हात मध्येच थांबला, आणि तो थांबलेला आईंनी पाहिला. आई म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नाबाई. गुडघ्यांमुळे त्या आता स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतात आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवतात. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, चटका बसला," मी म्हणाले. बांगड्यांचा चटका बसत नाही हे त्यांनाही कळतं. पण आमच्या घरात न पटलेली उत्तरं चालवून घ्यायची रीत आहे. समोरच्या इमारतीच्या एसीचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं, एमआयडीसीकडून दुपारचा तो नेहमीचा आंबूस वास यायला लागला होता, आणि पान वाढून तयार होतं. भोपळ्याची भाजी, गवार, कढी, वडे, खीर आणि एका वाटीत हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाचं माडगं. पितृपक्षात हुलगा कोणी शिजवत नाही, पण आमच्याकडे या एका पानाला गूळ घातलेलं माडगं लागतंच, कारण ते गोजराबाईंना आवडायचं. गोजराबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची पणजी. शेजारच्या रूपालीला मी सवाष्ण म्हणून बोलावलं होतं, ती बाहेर मोबाइल बघत बसली होती. लग्न झाल्यापासून दरवर्षी मी हे पान वाढत आले. कधी हात थांबला नव्हता. पण गेले दोन महिने मी दुसऱ्याच एका माणसाच्या मागावर होते, आणि त्या दुपारी, हातात बांगड्या असताना, ती दोन माणसं एकदम नवराबायको झाली.

नवमीचं पान सवाष्ण गेलेल्या बाईचं असतं. नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू असताना गेली, तिचं. हे काही गुपित नाही, कोणत्याही घरातली पोरगी सांगेल. आणि आमच्या नागोरावांचं, म्हणजे गोजराबाईंच्या नवऱ्याचं पान आम्ही पाच दिवसांनी, चतुर्दशीला वाढतो, कारण चतुर्दशी शस्त्रानं मेलेल्यांची. नागोराव पहिल्या महायुद्धात, सोळा साली, बसऱ्याकडे कुठंतरी पडले. दोन्ही पानं मीच वाढते. नवमीला बांगड्या, चतुर्दशीला फक्त सुपारी आणि तुळस. दोन्ही पानं एका घरात, एका पंधरवड्यात, एका हातानं वाढून मला कधी विचार शिवला नाही की बाई सवाष्ण गेली असेल तर ती एकोणीसशे सोळाच्या आत गेली पाहिजे. "आई," मी शक्य तितक्या सहज विचारलं, "गोजराबाई कधी गेल्या हो?" आई भाताची मूद बघत होत्या. "तुझं सासरं पाटी घेऊन शाळेत जायला लागलं हुतं तवा. आजीच्या मांडीवरच वाढलं की ते." सासरे स्वातंत्र्याच्या चार वर्षं आधीचे. म्हणजे पन्नास साल धरा. म्हणजे नवरा युद्धात पडल्यावर ही बाई तीसेक वर्षं जगली. "मग त्या सवाष्ण कशा?" माझ्या तोंडून निघून गेलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पान गार होतंय," त्या म्हणाल्या, "रूपालीला आत बोलाव."

मी संशयी आहे, हे माझ्याबद्दल सगळेच म्हणतात, आणि पगारही मला त्याचाच मिळतो. बोईसरच्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. नवीन माणूस आला की त्यानं आधी जिथं काम केलं म्हणून सांगितलं तिथं तो खरंच होता का, हे बघायचं काम माझं. गेल्याच महिन्यात एक वेल्डर समोर बसून म्हणाला, "मैडम, पूछ लीजिए, पूरा गाँव जानता है." मी म्हटलं गावाला माहीत असतं तेच मुळात तपासायचं असतं. माणूस खोटं बोलत असला तर मोठ्या गोष्टीत सापडत नाही, तिथं तो तयारी करून आलेला असतो. सापडतो तो चहा कुठं प्यायचात, गेटवर वॉचमन कोण होता, असल्या फालतू गोष्टीत. याचा मला गर्व होता, आणि म्हणूनच पालघरच्या इतिहास मंडळानं जिल्ह्यातल्या जुन्या पोलीस शिपायांची शिळा बसवायचं काढलं तेव्हा माझा नवरा, स्वराज, पटकन म्हणाला, "आमच्या पणजोबांचं प्रतीक्षा लिहील. तिच्याइतकं खणणारं कोण आहे?" मंडळाच्या चिटणीस दीपिकाताई कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांनी अट आधीच सांगितली होती. शिळेवर नावं फक्त युद्धावर जाऊन न परतलेल्यांची. परतलेले खूप आहेत, त्यांना जागा पुरणार नाही.

आईंना त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं. साताऱ्याकडचं गाव सोडून लेकाच्या नोकरीपायी त्या बोईसरला आल्या, तेव्हा शेत, भावकी, देऊळ सगळं मागं राहिलं. बरोबर आला तो फक्त शहीद. सोसायटीत हळदीकुंकवाला कोणी विचारलं, तुम्ही कुठल्या, तर त्या गावाचं नाव सांगायच्या आधी म्हणतात, "आमचं शहिदाचं घर." आणि योगायोग असा की नागोराव शिपाई होते ते इथंच, तारापूरच्या ठाण्यावर. शिळाही तारापुरातच बसणार होती. आईंनी त्या दिवसासाठी जांभळी नऊवारी ट्रंकेतून काढून इस्त्रीला दिली होती, आणि डॉक्टरांना विचारलं होतं की अर्धा तास उभं राहिलं तर चालेल का. त्यांचं हृदय पंधरा-वीस टक्केच चालतं. पुढच्या वर्षीचं कोणीच काही बोलत नाही. त्या नावावर बोट फिरवायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

कागदावर नागोराव अगदी थोडेच आहेत. मराठा पलटणीत नोकरी केली, सुटले, पण पलटणीनं राखीव म्हणून नाव लावून ठेवलं. म्हणजे बाहेर हवं ते काम कर, लढाई लागली की परत यायचं. मग पोलिसात भरती, तारापूर ठाणं. मग लढाई लागली आणि त्यांना बोलावणं आलं. ठाण्यातली जागा दुसऱ्यानं भरली. इथं कागद संपतो. मरणाचा कागद मी शोधला होता का? नव्हता शोधला. एवढी मी पडताळणीवाली, वेल्डरच्या वॉचमनचं नाव विचारणारी, पण नागोराव मेले हे मी कुठंच तपासलं नाही, कारण ते मी दरवर्षी पानात वाढत होते. जे घरात शिजतं त्याचा संशय घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे दीपिकाताईंनी जुलैमध्येच सांगितलं होतं, "चिंचणीला एका वाडीला शिपाईबाबाची वाडी म्हणतात. तिथले रामनाथ म्हणून म्हातारे आहेत, बघा काही लागतंय का." मी फोनवर म्हातारबाबांशी बोललेही होते. शिपाईबाबा तिथंच म्हातारा होऊन मेला असं ते म्हणाले, तेव्हा मी नाव खोडून टाकलं. आमचा माणूस म्हातारा झाला नव्हता. आमचा माणूस तिशीतच थांबला होता, टोपी घातलेला, कधीही न पाहिलेल्या फोटोतला.

रूपाली जेवून, ओटी घेऊन गेली. बांगड्या तिच्या हातात किणकिणत होत्या तो आवाज जिन्यात ऐकू येत राहिला. मी भांडी घासत होते आणि डोक्यात एकेक उत्तर मांडून बघत होते. पहिलं उत्तर सोपं होतं. गोजराबाईंचा विश्वासच बसला नसेल. कितीतरी बायका असं करतात, नवरा मेल्याचं कोणी सांगितलं तरी कुंकू पुसत नाहीत. माझं त्यावर भागलं असतं. पण मग चतुर्दशीचं पान कोणी चालू केलं? जिला नवरा जिवंत वाटतो ती त्याचं पान वाढू देते? आणि एकाच घरात सून सासूला सवाष्ण धरते आणि सासऱ्याला शस्त्रानं मेलेला, हे कसं? वाढणारी सून म्हणजे गोदूबाई, आईंच्या सासूबाई. त्यांना दोन्ही माहीत असणार. त्यांनी आईंना सांगितलं असणार, किंवा सांगितलं नसणार. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या आईंकडे मी भांड्यांच्या आडून बघितलं. झोपल्या नव्हत्या. माझ्या हाताचा वेग कमी झाला की त्यांच्या पापण्या हलत होत्या. इतकी वर्षं मी या बाईबरोबर एका घरात राहिले आणि तिला कळतं किती आणि कळू देत नाही किती, हे मला आजवर सांगता येत नाही. शहिदाच्या घरची सून म्हणून माझ्या प्रत्येक पोळीची, प्रत्येक उलट उत्तराची मोजणी झाली. शहिदाच्या घरात असं चालत नाही. शहिदाच्या घरातल्या बायका असं बोलत नाहीत. आणि आता तो शहीदच हलायला लागला, तेव्हा मला आनंद होत होता. खरकट्या पाण्यात हात घालून मी तो आनंद ओळखला आणि मला माझीच किळस आली. पण थांबावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि घरी सांगितलं कंपनीत जाते. बोईसर स्टेशनबाहेरून चिंचणीकडची सिक्स सीटर धरली. बेटेगावच्या बाजूनं आलेल्या ट्रकांची रांग चौकात तुंबली होती, रिक्षावाला हिंदीत सगळ्यांच्या आया-बहिणी काढत होता. तारापूरला किल्ल्याची भिंत लागली तेव्हा मी मुद्दाम मान वळवून बघितली नाही. दोन महिन्यांत मी तिथं इतक्या वेळा उभी राहिले होते, इथून तो निघाला असेल, इथं त्यानं पट्टा काढून ठेवला असेल, असलं काहीबाही रंगवलं होतं, की मला स्वतःचीच लाज वाटत होती. कोणाच्या तरी मरणावर एवढं हळवं व्हायचं आणि तो पलीकडच्या गावात माडांना पाणी घालत असायचा. रिक्षेत माझ्या शेजारी टोपलीवाली बसली होती, तिच्या ओल्या लुगड्याचं पाणी माझ्या सलवारीला लागत होतं, आणि मला एकाएकी गोजराबाईंचा राग आला. तुला माहीत होतं ना? मग तीस वर्षं तोंडातून शब्द का काढला नाहीस? नंतर वाटलं, कुणापाशी काढायचा होता. काढला असता तर शहिदाची बायको म्हणून जी काय मान उंच होती तीही गेली असती, आणि टाकलेली बाई म्हणून लोकांनी बघितलं असतं.

वाडी समुद्रापासून फार लांब नव्हती. माड, केळी, मध्ये विहीर, विहिरीवर पंप. रामनाथ ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मी मंडळाचं नाव सांगितलं; जुलैतला फोन त्यांच्या लक्षात नव्हता. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही. "मंडल कसला? जमिनीचा काय हाय का?" मी नाही म्हटलं. "आदीबी असेच आले होते दोगं. बाबाचा नाव विचारत होते, वारस किती, कोन कुठं. मंग कल्ला ते दलाल. तुमी घाटावरच्या का?" बोलण्यावरून त्यांनी मला ओळखलं होतं. त्यांचा संशय रास्त होता. मी जे शोधायला आले होते ते खरं ठरलं तर या वाडीला घाटावरचा एक वारस निघत होता, आणि तो माझ्या घरात झोपत होता. "मला जमिनीचं काही नको," मी म्हणाले. "तसा सगलेच बोलतात," ते म्हणाले, पण आत बघून हाक मारली, "विजया, पानी आन गो." त्यांच्या बायकोनं पाणी आणलं आणि ती दारातच उभी राहिली.

मग ते थोडे सैल झाले. शिपाईबाबा पयल्या लडाईनंतर आला. आधी इथं ठाण्यात शिपाई होता तेव्हाची त्याची आणि रामनाथांच्या आजीची, रखमाची, ओळख होती का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. एक पाय ताठ होता. गावाचं नाव सांगायचा नाही. रखमा विधवा होती, वाडी तिची होती, तो राहिला तो राहिलाच. "शिपाई मंतला तर चिडायचा. पन गाव कुठं ऐकतो? शिपाईबाबाच पडला." दिवाळीत फटाके वाजले की तो केळीत जाऊन बसायचा आणि सगळं थांबेपर्यंत बाहेर यायचा नाही. "आमी पोरं त्याला भाकरी नेऊन द्यायचो. खायचा नाय. हात असा धरायचा पोराचा, सोडायचा नाय." म्हाताऱ्यानं स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं धरून दाखवलं. मी विचारलं, घाटावरून त्याला भेटायला कोणी यायचं? रामनाथांनी कातरलेली सुपारी डबीत भरली. "एकदा आला होता एक मानूस. मी लान होतो. डोक्यावर पागोटा होता. दिसायला बाबासारकाच. दोगंजन विहिरीवर बसले, बोलले नाय काय. तो गेला आन बाबा उठून समुद्रावर गेला. डोक्यावरून आंगोल करून ओलाच आला. आजीनं विचारलंन कोन गेला, तर काय बोलला नाय."

कोणीतरी गेल्याचं कळलं की डोक्यावरून आंघोळ करतात. पागोटं घातलेला तो माणूस म्हणजे माझे आजेसासरे, गोदूबाईंचे यजमान. गोजराबाई, म्हणजे त्याची आई, गेल्यावर तो घाट उतरून आला आणि बापाला सांगून गेला. म्हणजे त्याला माहीत होतं बाप कुठं आहे. त्याला माहीत होतं म्हणजे गोदूबाईंना माहीत होतं. हे सगळं मी उभी राहून, हातात पाण्याचा तांब्या धरून, एका दमात समजले, आणि तरी माझ्यातली एचआरवाली म्हणत होती, पुरावा नाही, पागोटं कोणाचंही असू शकतं. मी विचारलं, "त्यांचं पान कधी वाढता?" "अमासेला. अमासेला गेला तो." "आणि आजीचं?" "तिचाबी अमासेलाच." आणि मग दारात उभी असलेली विजयाबाई बोलली. "नवमीला एक पान काडायला लागते ना. ते बाबानं घालून दिलाय. कोनाचा ते ठाव नाय. माजी सासू काडायची, तिच्या मागं मी काडते. कालच काडला. हिरव्या बांगड्या, कुकू, सगला ठेवायचा." तिनं तोंड वाकडं केलं. "आन ते कुलताचा माडगा. गूल घालून. आमच्यात कोन खात नाय, कावलाबी नाय खात. पन बाबानं सांगितलान, बाकी काय नसला तरी चालल, माडगा पायजे."

मी तांब्या ओट्यावर ठेवला. आदल्या दिवशी दुपारी, बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर आणि इथं, दोन्हीकडं एकाच बाईचं पान वाढलं गेलं होतं. मी वाढलं होतं आणि या बाईनं वाढलं होतं, आणि दोघींनाही सांगणाऱ्यानं एवढंच सांगितलं होतं की चुकवायचं नाही. नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकोचं पान नवऱ्यानंच घालून दिलं तर ते नवमीलाच पडणार, यात विशेष काही नाही. पण मग हा माणूस तिला टाकून आला, परत गेला नाही, दुसरीबरोबर संसार केला, आणि ती मेल्यावर तिच्या जिभेला काय आवडायचं ते याला लक्षात होतं. त्याला मी कुठल्या खान्यात बसवू? पळपुटा म्हणावं तर पलटणीनं कधी शोधायला माणूस पाठवला नव्हता. का परतला नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळेलसं वाटतही नाही. फटाके वाजले की केळीत बसणारा माणूस सातारच्या घरी शहीद होऊन कसा परतेल? मला एकदम त्याची कीव आली, आणि त्याच्याआड उभी असलेली ती बाई दिसली, जिनं स्वतःचं कुंकू पुसलं नाही आणि जिवंत नवऱ्याचं चतुर्दशीचं पान मात्र वाढू दिलं. दरवर्षी त्याला शस्त्रानं मारत राहिली. निघताना विजयाबाईनं केळीची पानं कापून दिली. पितृपक्ष आहे, तुमच्याकडंबी लागतील, म्हणाली. केळीच्याच सोपानं, खोडाच्या सालीनं, बांधून दिली. रामनाथांनी मी वळल्यावर पाठीमागून विचारलं, "बाबाच्या गावचा कोन हाय का तुमच्या वळकीत?" मी मागं बघितलं नाही. "नाही," मी म्हणाले. ते खरं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

घरी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मी फ्रिजमध्ये ठेवली आणि बाजारातून आणली म्हणून सांगितलं. पुढचे दिवस मी आईंवर नजर ठेवली आणि त्यांनी माझ्यावर. त्या वेळेवर गोळ्या घेत होत्या, मालिका बघत होत्या, आणि मी खोलीत आले की आवाज थोडा कमी करत होत्या. स्वराज जेवताना मोबाइलवर शिळेचा आराखडा दाखवत होता, वर अशोकचक्र, खाली नावं, नागोरावांचं तिसरं. "आई, तू उजव्या बाजूनं ये, तिथं रॅम्प आहे," तो म्हणाला, आणि आई हसल्या. किती खणायचं होतं मला, आणि हे काय वर आलं. सांगितलं तर शिळेवरचं नाव जातं, आणि त्याच्याबरोबर बहुधा आईंची उरलीसुरली उमेदही. नाही सांगितलं तर मीही त्याच रांगेत उभी राहते, गोजराबाई, गोदूबाई आणि बहुतेक रत्नाबाई, आणि शेवटी मी. त्रयोदशीला दीपिकाताईंचा फोन आला. "कारागीर उद्या नावं घेतोय. नागोरावांचं नक्की ना?" मी म्हटलं उद्या दुपारपर्यंत सांगते. "संशय आहे का काही?" त्यांनी हसून विचारलं. मी म्हटलं, मला सवयच आहे.

चतुर्दशीला सकाळी मी वडे तळत होते. फडक्यातलं एक पान काढून, पुसून, ओट्यावर मांडलं. आई खुर्चीत होत्या. काठीनं त्यांनी पानाची बाजू जराशी सरकवली. "पानं कुठनं आणलीस?"

"बाजारातनं."

"बाजारातली पानं सुतळीनं बांधत्यात," त्या म्हणाल्या. "ही केळीच्या सोपानं बांधल्याली हुती. मी बघितलं. वाडीतनं कापून आणल्याली पानं हायती ही." मी वडा उलटत राहिले. तेलाचा आवाज मोठा होता आणि त्यांचा आवाज अगदी साधा होता. "चिंचणीला गेली हुतीस?" चिंचणी हे नाव मी या घरात कधीच काढलं नव्हतं. दीपिकाताई जुलैत बोलल्या तेव्हाही मी घरी काही बोलले नव्हते. मी गॅस बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पहिल्यापासून माहीत होतं. आणि मला दोन महिने तारापूरच्या उन्हात फिरवलं."

"गाव ठाऊक हुतं, बाकी काय न्हाई. सासूबाईंनी जाताना एवढंच सांगितलं, मामंजी, म्हंजी तुझं आजेसासरं, चिंचणीला जाऊन आलं हुतं एकदा, नवमी चुकवू नको, आणि इचारू नको." आई थांबल्या. श्वास लागला की त्या ओठ मिटून घेतात. "आता इतकी वर्सं इचारलं न्हाई. गाव इतक्या जवळ आलं तरी न्हाई. स्वराजची नोकरी इथं लागली तवा मला वाटलं देवानं मुद्दाम केलं. पन पाय उचलला न्हाई. भ्या वाटायचं, गेलं आणि तिथं कुणी नसलंच तर? आणि असलंच तर?" त्यांनी पानाकडे बघितलं. "हाय का तिथं कुणी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ताठ पाय, विहीर, फटाके, डोक्यावरून केलेली आंघोळ. रखमाचं नाव सांगताना मी अडखळले, पण त्यांनी मान हलवली, पुढं सांग म्हणून. मग मी विजयाबाईच्या नवमीच्या पानाचं सांगितलं.

"बांगड्या ठेवत्यात?"

"हिरव्या."

"आणि?"

"माडगं. गूळ घालून. त्यांच्यात कोणी खात नाही, तरी करतात."

आईंनी तोंडाला पदर लावला. रडत होत्या की हसत होत्या मला कळलं नाही, खांदे हलत होते एवढं दिसलं. मी पुढं झाले तर त्यांनी हातानं थांबवलं. मग विचारलं, "त्यांचं कवा वाढत्यात तिथं?" "अमावास्येला," मी म्हणाले. तेवढ्यात स्वराज अंघोळ करून बाहेर आला, सोवळ्याचा पंचा नेसून, खिडकीच्या ग्रिलवर कावळा बसलाय का बघत. "आई, झालं का पान? मला साडेदहाला निघायचंय."

"उचल ते," आई मला म्हणाल्या. "पान उचल. फडक्यात गुंडाळून ठेव, उद्या अमावास्या हाय. तवर टिकंल." स्वराज म्हणाला, "म्हणजे? आज चतुर्दशी आहे ना?" आई म्हणाल्या, "आज आपल्या घरात कुणाचं न्हाई." त्यानं माझ्याकडे बघितलं, आता काय केलंस, या नजरेनं. मी पान हळूच उचललं. कडेला वड्याचं तेल लागलं होतं, ते मी पुसून काढलं. माझी सगळी हुशारी, सगळा आनंद, सगळा राग कुठं गेला होता कोण जाणे, मला फक्त ते पान मधोमध चिरू नये असं वाटत होतं.

ओट्यावर माझा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर दीपिकाताईंचं नाव होतं. इस्त्री केलेली जांभळी नऊवारी दारामागच्या हँगरला प्लास्टिकमध्ये लटकत होती, आणि आई तिकडंच बघत होत्या. मी फोन उचलला नाही. मी म्हणाले, "आई, मी सांगू शकते की ते परतल्याचं कुठंच काही सापडलं नाही. नाव राहील. कोणाला कळणार नाही." हे मी बोलले, मी, आणि मनापासून बोलले. फोन वाजत राहिला. आईंनी काठी भिंतीला टेकवली, हात पुढं केला, आणि मी फोन चालू करून दिला तेव्हा तो स्वतःच्या कानाला न लावता माझ्याच कानाशी धरला.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "आमचा माणूस परत आला हुता. घरी न्हाई आला. पन आला हुता."